ताटावरून उठण्याआधी

पडद्यांच्या कारखान्याच्या मालकीणबाईंना काहीही वेडंवाकडं दिसलं की ते सरळ करायला त्यांचे हात शिवशिवायचे. कापड असो की माणूस, गळ्यातली टेप तयारच असायची. आणि सध्या सगळ्यात वेडंवाकडं काय दिसत असेल, तर ती त्यांची स्वतःचीच लेक. घरात तिला राणीसरकार म्हणत. राणीसरकारांना भाजी चालायची नाही, नवा फ्रॉक टोचायचा, आणि वाढदिवसाला आणलेली सायकल "रंग घाणेरडा आहे" म्हणून जिन्याखाली धूळ खात पडली होती. मालकीणबाई थोरल्या भावांचे उतरलेले सदरे घालून वाढलेल्या. ती सायकल दिसली की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"हिला जरा जग दाखवायला हवं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "दुसरीकडची माणसं कशी राहतात ते बघितलं, म्हणजे कळेल आपल्याकडे काय काय आहे ते."

"म्हणजे लोकांच्या घरी सहल काढणार?" पेपरातून डोकं वर न काढता नवरा म्हणाला.

त्यांनी ते या कानाने ऐकलं नि त्या कानाने सोडून दिलं. तेव्हाच ऐकलं असतं तर, असं पुढे त्यांना फार वाटलं. पण नवऱ्याचं ऐकायची त्यांना सवयच नव्हती.

जग शोधायला लांबही जायचं नव्हतं. ते कारखान्यातच, खिडकीजवळच्या मशीनवर बसायचं. दूरच्या देशातून आलेली ती बाई पहिल्या दिवशी दारात उभी राहिली, तेव्हा कुणीतरी "या पाहुण्या कोण?" म्हणून विचारलं होतं, आणि पाहुणी हेच तिचं नाव पडलं. झालरीच्या चुण्या तिच्याइतक्या सारख्या कुणाला जमत नसत. बाकीच्या सगळ्या बायका मालकीणबाईंना मॅडम म्हणायच्या. पाहुणी मात्र भाषा शिकताना कुठूनतरी 'ताई' हा शब्द उचलून आली होती. दुपारी कापड बेतायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर दोघी डबे उघडून बसायच्या. मालकीणबाईंना सख्खी बहीण नव्हती. त्या 'ताई' हाकेची त्या रोज सकाळपासून वाट बघायच्या, पण हे त्यांनी कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

"रविवारी तुझ्याकडे येऊ का गं? लेकीला घेऊन?"

पाहुणीच्या हातातला घास तसाच राहिला. "खरंच याल, ताई? सासूबाई केव्हापासून माझ्या मागे लागल्यात, तुझ्या ताईंना घेऊन ये म्हणून."

गाडीत मालकीणबाईंनी लेकीची तयारी करून घेतली. "तिथे नाक मुरडायचं नाही. नीट बघायचं. किती थोड्या जागेत राहतात, किती थोडक्यात भागवतात. आणि मनात म्हणायचं, बरं झालं, माझा जन्म अशा घरात झाला नाही. काय म्हणायचं?"

राणीसरकारांनी शाळेतल्या कवितेसारखं घडाघडा म्हणून दाखवलं.

अरुंद जिना चढून वर दोन खोल्या होत्या. खिडकीला कारखान्यातल्याच उरलेल्या तुकड्यांचा पडदा होता, आणि तो इतका देखणा होता की मालकीणबाईंना मनातल्या मनात थोडा रागच आला. शेजारून मागून आणलेल्या दोन खुर्च्या मधोमध मांडल्या होत्या. सासूबाई गळ्यापर्यंत बटणं लावून, ठेवणीतले कपडे घालून बसल्या होत्या. त्यांना इथली भाषा येत नव्हती, म्हणून त्या नुसत्याच हसत होत्या.

आतल्या खोलीत गाद्यांची चळत होती. पाहुणीची मुलगी तिच्यावरून उड्या मारत होती, आणि बघता बघता राणीसरकारही मारू लागल्या. वेण्या सुटल्या, फ्रॉक चुरगळला, टोचायचाही बंद झाला. मालकीणबाईंनी तिला हाताला धरून बाहेर जिन्यापाशी आणलं.

"आपण मजा करायला आलोय का? नीट बघितलंस ना?"

"हो."

"काय बघितलंस?"

"गाद्या," ती धापा टाकत म्हणाली.

मालकीणबाईंनी कपाळावर हात मारला. पुढे जेवताना लेकीने न सांगता दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली. ती कशाची आहे तेही तिने विचारलं नाही. पण हे मालकीणबाईंच्या लक्षातच आलं नाही. त्या घर मोजत होत्या.

जेवण झालं तरी कुणी उठेना. "आमच्यात असं आहे, ताई," पाहुणी लाजत म्हणाली, "ताटावरून उठण्याआधी प्रत्येकाने सांगायचं, आज कशाचं बरं वाटलं."

सासूबाई बोलल्या, सुनेने अर्थ सांगितला. आपल्याकडे या गावातलं कुणी पहिल्यांदाच जेवलं, याचं त्यांना बरं वाटलं. पाहुणीच्या मुलीला उड्या मारायला जोडीदार मिळाल्याचं बरं वाटलं. "आणि मला," पाहुणी म्हणाली, "माझ्या ताई माझ्या घरी आल्या त्याचं."

मालकीणबाईंनी जेवणाची तारीफ केली. मग सगळे राणीसरकारांकडे वळले. तिने गाद्यांकडे पाहिलं, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. घोडं अडलंय असं वाटून मालकीणबाई तिच्या कानाशी वाकल्या. "गाडीत म्हटलं होतंस ना? तेच म्हण."

"बरं झालं," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "माझा जन्म अशा घरात झाला नाही."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मालकीणबाईंना झालं. सासूबाई मोठ्या आशेने सुनेकडे बघत होत्या. पाहुणीने हातातला पेला खाली ठेवला. मग तिने आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं. म्हातारीचा चेहरा फुलला, तिने राणीसरकारांना जवळ ओढून त्यांच्या कपाळाचा मुका घेतला. पाहुणीची मुलगी मात्र इथल्याच शाळेत जात होती. ती ताटाकडे बघत बसली.

"अगं, तिला म्हणायचं होतं..."

"असू दे," पाहुणी म्हणाली आणि ताटं उचलू लागली.

परतताना गाडीत लेकीनेच विचारलं, "बरोबर म्हटलं ना मी?"

"तू आधी काय म्हणणार होतीस?"

"मी ना? मला या घरात राहायला आवडेल, असं. पण तू म्हणालीस, गाडीतलं म्हण." मग ती म्हणाली, "आपण परत कधी जायचं?"

मालकीणबाईंनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून त्या रडल्या. मागे राणीसरकार घाबरून सीटच्या कोपऱ्यात सरकल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेबलाच्या कोपऱ्यावर एकच डबा होता. पाहुणीने आपला मशीनवरच उघडला होता. मालकीणबाई उठून तिच्यापाशी गेल्या.

"ती दुसरंच म्हणणार होती गं. या घरात राहायला आवडेल, असं. अगदी शपथ घेऊन सांगते. मीच तिला ते म्हणायला लावलं."

बोलता बोलताच त्यांना आपला आवाज ऐकू आला. पोरीच्या चुकीवर पांघरूण घालणारी कुठलीही आई हेच बोलली असती.

पाहुणीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. डब्याचं झाकण लावलं, सुईखाली कापड सरकवलं.

"काल सासूबाईंना मीही तसंच सांगितलं," ती म्हणाली. "या घरात राहायला आवडेल म्हणतेय, असं. दुसरं काय सांगणार होते, मॅडम?"

आणि तिने मशीन सुरू केलं.