कानाला लावलेली पट्टी

इअरफोनच्या जाळीवरची कागदी पट्टी एका कडेनं सुटली होती. जखमेवर लावतात तसली पट्टी, तिनंच गोल कापून मधे सुईनं भोक पाडलेली... आणि सुटलेल्या कडेला पिवळट मळ. आपलाच. शी! तरी तिनं ती अंगठ्यानं पुन्हा दाबली, कारण पट्टीशिवाय बाबांच्या वाचनातला प्रत्येक ‘स’ पत्र्यावर खिळा ओढावा तसा कानात घुसायचा, आणि मागोमाग ती ओली चुळचूळ — नव्या कवळीखाली थुंकी सरकल्याची.

तीस वर्षं रेडिओवर बातम्या वाचलेला माणूस. अंधांच्या ग्रंथालयाला वाचक हवा होता तेव्हा तिनंच मोठ्या तोऱ्यात त्यांचं नाव सुचवलं होतं. तिथली ध्वनिमुद्रणं तपासायचं काम तिच्याकडेच होतं ना. आता बाबांचं अकरा तासांचं पुस्तक वाचून झालं होतं आणि ग्रंथालयाच्या मॅडम सकाळी म्हणाल्या होत्या, “तुझे वडील आहेत, हे ठेवायचं की नाही तूच ठरव. पाचपर्यंत सांग, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ.”

संगणकावर आवाजाची वरची धार कमी करून पाहिली, तर बाबा उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखे वाटायला लागले. तिनं ते पूर्ववत केलं. मग ही पट्टी लावली, आणि काय सुख! बाबा पुन्हा जुने बाबा. तासभर इथूनतिथून ऐकून तिनं कागदावर ‘योग्य’ लिहून सही ठोकली.

शेजारी बसणाऱ्या तंत्रज्ञानं सहज स्वतःचा इअरफोन लावून ते ऐकलं आणि झटक्यात काढला.

“हे असंच सोडलंस? कान फाटतायत गं!”

“माझ्याकडे तर मऊ येतंय.”

त्यानं तिचा इअरफोन उचलला, पट्टी नखानं खरवडली आणि हसला. “अगं बाई, पट्टी तुझ्या कानाला लावलीस. ऐकणाऱ्यांच्या कानाला कोण लावणार?”

इतकी वर्षं हेच काम करतेय मी, आणि हे कळू नये? की कळत होतं... जेवताना बाबांची कवळी कटकट वाजली की मी खुर्ची हळूच लांब सरकवते, पाणी आणायच्या निमित्तानं उठते, ते काहीतरी सांगत असतात आणि मी नळ जोरात सोडते. इअरफोन बिचारा उगाच बदनाम. किळस बाबांची येत होती, जन्मदात्याची, आणि ती जाणवू नये म्हणून एवढा खटाटोप.

फोन थरथरला. बाबाच.

“ऐकलंस का गं? मी घरी लावून पाहिलं, मला तर कुठं काही खटकलं नाही.”

खटकणार कसं? ‘स’ची ती बारीक शिट्टी ऐकू येण्याचं त्यांचं वय केव्हाच सरलं होतं.

“खरं सांग हं,” ते म्हणाले. “माझं मला आता कळत नाही. तुझ्या भरवशावर वाचतो मी.”

‘छान झालंय’ हे शब्द तिच्या जिभेवर तयारच होते, गुळगुळीत, चघळलेल्या गोळीसारखे. आणि त्यांचीच तिला अशी शिसारी आली की तिनं ते गिळून टाकले. घड्याळात पावणेपाच झाले होते. पलीकडे बाबांचा श्वास, कवळीची बारीक टकटक — सगळं लख्ख ऐकू येत होतं आणि आज पहिल्यांदाच फोन कानापासून लांब धरावासा वाटत नव्हता.

“बाबा...” ती म्हणाली.

“हं, बोल.”