एकाच पायाचं माप

मित्रांनो, मी शिंप्याची एक जुनी मापाची पट्टी आहे. आकडे पुसट झालेत, टोकाची पत्री सैल झाली आहे, पण खोटं माप मी कधी दिलं नाही. याचा मला फार तोरा होता. आता राहिला नाही.

दुकानात नवराबायको दोघंच. तो कापायचा, ती शिवायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घ्यायची. तिच्या मोठ्या आतड्याला जखमा होत्या. दुखणं उसळलं की शौचातून रक्त जायचं. या खेपेला तर तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून महिनाभर रोज पोटावर टोचायची इंजेक्शनंही दिली.

घरी आल्यावर तो चक्रावला. "आधीच रक्त जातंय, त्यात रक्त पातळ करायचं औषध? आगीत तेल ओतायचं का?"

"अहो, बाईंना विचारा तरी एकदा," ती म्हणाली.

विचारतो म्हणाला आणि गणवेशांच्या कामात ते राहूनच गेलं. इंजेक्शनं फ्रिजमध्ये पडून राहिली. त्याचा तिच्यावर जीव होता, म्हणून तर हात धजेना.

दहाव्या दिवशी ती म्हणाली, विजार पोटरीला घट्ट होतेय. त्यानं मला तिच्या उजव्या पायाला गुंडाळलं. एक पाय मोजायचा आणि दोन्ही त्याच मापानं कापायचे, ही त्याची तीस वर्षांची सवय. तेरा इंच, नेहमीचंच. कापड आटलं असेल म्हणून त्यानं शिवण उसवून दिली. शेजारी डावा पाय सुजून गरम झाला होता, आणि मला तोंड नाही.

दोन दिवसांनी तिला दम लागला. दवाखान्यात बाईंनी त्याच्या गळ्यातून मला ओढून घेतलं आणि दोन्ही पोटऱ्या मोजल्या. उजवी तेरा, डावी पंधरा. आकडे त्यानंच वाचले.

"या आजारात आतडं सुजलं की रक्त जातं आणि गुठळीही होते," बाई म्हणाल्या. "पायातली गुठळी फुप्फुसात गेलीय. इंजेक्शनं घेतली ना?"

"घरी आहेत," तो म्हणाला. "सगळी आहेत. आत्ता आणतो."

संध्याकाळच्या आत ती गेली.

मित्रांनो, औषधाची भीती वाटली तर डॉक्टरांना विचारा, परस्पर बंद करू नका. एकच पाय सुजला, दम लागला तर थांबू नका. मला नुसतं मोजता येतं. बोलता तुम्हाला येतं, तेव्हा वेळेवर बोला.