टवटवीत महाराज आणि हसायची मनाई

मावशीचा डावा गाल शनिवारी संध्याकाळी भर सभागृहात तडकला. कानापासून हनुवटीपर्यंत, उन्हात वाळलेल्या चिखलासारखा. आता हे विसरा. टवटवीत महाराजांच्या सेवामंडळाने पत्रक काढून कळवलं आहे की असा कोणताही गाल कुठेही तडकलेला नाही. मंडळाचा मान राखून आपणही तसंच धरून चालू आणि गर्दीपासून सुरुवात करू.

गर्दी अशी, की आत शिरलेला माणूस आपले हात बाहेरच राहिले की काय म्हणून चाचपून बघत होता. मंचावर दातांच्या दवाखान्यातली असते तशी मागे कलणारी खुर्ची. खुर्चीत एक बाई. महाराज तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर बोटाने 'तेजोलेप' फासत, दोन सेवक दोन पंख्यांनी 'वायुतत्त्व' पुरवत, आणि बघता बघता तो अर्धा चेहरा इस्त्री केल्यासारखा गुळगुळीत होई. उरलेला अर्धा बिचारा आपल्या वयात बसून राही. सभागृह 'आहाहा' करी. मग दुसरी बाजू.

"सुरी नाही, टाका नाही, रक्ताचा थेंब नाही," महाराज माईकमध्ये म्हणत. "डॉक्टर कातडी कापतात. आम्ही काळ कापतो."

टाळ्या पडत. काळाला काय वाटलं, हे कुणी विचारत नसे.

अट एवढीच, की सूर्योदयापर्यंत बोलायचं नाही, हसायचं नाही आणि चेहऱ्याला पाणी लावायचं नाही. सकाळी सुरकुत्या परत आल्या तर? त्याचंही उत्तर तयार होतं. "रात्री मनात शंका आली असणार, ताई." आता रात्री शंका कुणाला येत नाही? गॅस बंद केला का, एवढी तरी येतेच. त्यामुळे प्रत्येक बाई आपलंच चुकलं म्हणून गप्प बसे आणि पुढच्या शनिवारी पुन्हा रांगेत उभी राही. एवढा बिनचूक धंदा यमालाही जमलेला नाही. त्याच्याकडे तर गिऱ्हाईक एकदाच येतं.

मावशी बँकेत चौकशीच्या खिडकीत बसायची. भाचा लहानपणापासून तिच्याकडेच वाढलेला, आणि आता एका अवाढव्य दुकानात माईकवरून सूचना देण्याच्या नोकरीला. सापडलेल्या छत्र्या, चुकलेली मुलं, बंद पडलेले जिने, सगळं एकाच सुतकी आवाजात. घरी तो त्याच आवाजात "भाजी जळालेली आहे, संबंधितांनी नोंद घ्यावी" म्हणाला की मावशी पोट धरून हसायची.

एक दिवस खिडकीसमोरचा टक्कल पडलेला इसम तिला "आजी" म्हणाला आणि मावशी थेट प्लास्टिक सर्जनकडे गेली. भाचा सोबत होताच.

डॉक्टरीणबाईंनी काहीही लपवलं नाही. "पूर्वी नुसती कातडी ताणायचे. माणूस कायम वादळात उभा असल्यासारखा दिसायचा. आता आम्ही कातडीखालचा थर सोडवून वर उचलतो आणि तिथे शिवतो. कानाच्या पुढून-मागून व्रण राहतो, पण तो पुसट होतो. सुरुवातीला चेहरा सुजेल, काळानिळा पडेल, कानाजवळ बधिर वाटेल. दोन उशा घेऊन, डोकं उंच ठेवून झोपायचं. खरा चेहरा दिसायला काही महिने जातात. आणि तुम्ही विशीतल्या दिसणार नाही. झोप पुरी झालेल्या दिसाल."

"एवढ्या उपद्व्यापानंतर फक्त झोप झालेली?" मावशी म्हणाली.

"हो. आणि वय पुढे चालूच राहतं, ते आमच्या हातात नाही." मग बाईंनी दिवा जवळ ओढला. मावशीच्या डाव्या कानापुढचा काळपट डाग बराच वेळ बघितला. "हा किती दिवस आहे? वाढतोय? चेहऱ्याचं राहू द्या. आधी हा काढून तपासायला पाठवू. सोमवारी या."

मावशी सोमवारी गेलीच नाही. मधल्या शनिवारी शेजारणीने तिला महाराजांकडे नेलं. महाराजांनी डागावर बोट टेकवलं, लेप लावला, आरसा दिला. आरशात डाग नव्हता. "विरघळला. पण लक्षात ठेव, या चेहऱ्याला सुरी लागली तर सगळं तेज गळून जाईल."

त्या रात्री मावशीने सूप स्ट्रॉने प्यायलं. भाच्याने जळक्या भाजीची सूचना दिली, तर तिने वाहतूक पोलिसासारखा हात वर केला. सकाळी डाग जागेवर होता आणि उशीवर पांढरट पापुद्रे होते.

पापुद्रे कागदाच्या पुडीत घेऊन भाचा डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी एक पापुद्रा बोटांत चुरला. "बाजारात मिळणारं रसायन आहे, त्यात थोडा कातडीचा रंग मिसळलाय. वाळलं की काचेसारखा पातळ थर होतो. तो आकसतो आणि कातडीला सोबत ओढतो, सुरकुत्या काही तास दिसत नाहीत. रंगामुळे डाग झाकला जातो. चेहरा हलला की थर तडकतो, पाण्याने निघतो." त्यांनी पुडी बंद केली. "त्यांना आणा. तो डाग मला आवडलेला नाही."

भाच्याने घरी येऊन सगळं सांगितलं.

"गिऱ्हाईक गेलं म्हणून जळफळाट चाललाय त्यांचा," मावशी म्हणाली. "आणि तू त्यांचा वकील. डाग परत आला कारण मी रात्री तुझ्यावर चिडले. या शनिवारी मन शुद्ध ठेवीन."

"मावशे, देवाला हसण्याचं काय वावडं?"

"तुला काय कळतंय त्यातलं."

वाद घालून मावशी हरली असती, पण ऐकली नसती. भाचा निमूटपणे तिच्यासोबत गेला.

लेप लावून झालेल्या बायका पहिल्या रांगेत बसवल्या होत्या, संग्रहालयातल्या पुतळ्यांसारख्या, नजर समोर. मावशी मधोमध. महाराज काळ कापत होते. भाचा मागून वाकला आणि तिच्या कानाशी दुकानातल्या सुतकी आवाजात म्हणाला,

"सूचना. तळमजल्यावर महिला विभागात एक हनुवटी सापडलेली आहे. ज्यांची असेल त्यांनी ओळख पटवून घेऊन जावी. पुन्हा सांगतो. हनुवटी वापरलेली असून चालू स्थितीत आहे."

मावशीचे खांदे हलले. तिने ओठ गच्च मिटले.

"एक गाल आपल्या मालकिणीची वाट बघत रडत आहे. त्याने निळा सदरा घातलेला आहे."

मावशीचं हसू नाकातून सुटलं, मग तोंडातून, मग सगळीकडून. तडकन भेग पडली. शेजारच्या बाईने वळून बघितलं, तिला फुटलं, तीही तडकली. बघता बघता अख्खी रांग भिंतीच्या जुन्या चुन्यासारखी गळू लागली.

"हास्यदोष," महाराज माईकमध्ये म्हणाले. "हा हास्यदोष आहे, कुणी घाबरू नका."

मावशी उठली, मंचावर गेली, महाराजांच्याच पाण्याच्या पेल्यात रुमाल बुडवला आणि सगळ्यांसमोर चेहरा पुसला. रुमाल कातडीच्या रंगाचा झाला. सुरकुत्या आल्या. शेवटी कानापुढे डाग आला.

तिने त्यावर बोट ठेवलं. हसू पार मावळलं होतं. "हा विरघळला म्हणाला होतात."

"श्रद्धा कमी पडली, ताई."

"श्रद्धा भरपूर होती. रंग कमी पडला." आणि भाच्याला म्हणाली, "चल. सोमवार कधी आहे?"

"परवा."

डाग निघाला. तपासणीत तो वाईट निघाला; पण खोल गेला नव्हता, मुळासकट निघाला. आणखी काही महिने तेज राखत बसली असती, तर डॉक्टरीणबाईंकडेही करण्यासारखं फार उरलं नसतं. चेहरा उचलायचा की नाही, हे मावशीने अजून ठरवलेलं नाही. ठरवेल ते डोळे उघडे ठेवून ठरवेल. खरी विद्या सूज, व्रण आणि मर्यादा आधी सांगते. जो काहीच दुखणार नाही म्हणतो आणि बिघडलं की तुमच्या मनाला दोष देतो, त्याला प्रश्न विचारा. प्रश्नाने तडकतो तो चमत्कार नसतो.

सबब, समस्त चमत्कारकर्त्यांस विनंती करण्यात येते की, प्रत्येक चमत्कारानंतर भक्तास एक विनोद ऐकवण्याची व एक ओलं फडकं वापरण्याची परवानगी द्यावी, आणि दोन्हींनंतर उरलेल्या चमत्काराचा अहवाल या कार्यालयास सादर करावा. तोपर्यंत सर्व चमत्कार स्थगित समजण्यात यावेत, ही विनंती.