नळ्यांची फुली

मिस्त्रींच्या बायकोने घरी परत यायला एकच अट घातली होती, आणि ती अट न्हाणीघराच्या भिंतीवर टांगलेली होती.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा लेक आईला आपल्याकडे घेऊन गेली. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेली बाई तिकडेच राहिली. विचारलं की म्हणायची, इथे नळ सोडला की कढत पाणी येतं, गुडघ्यावर मनसोक्त ओतलं की पाय पुन्हा माझा होतो. आपल्या घरी गीझर लावून ताटकळत बसायचं, आणि शेवटी जे येतं ते तोंडदेखल्या कौतुकासारखं, कोमट.

लेक तर आईच्याही पुढची. तिने सांगून टाकलं होतं की आई आता माझ्याकडेच राहील, तुम्हीही कुलूप लावून इकडे या. पण लेकीच्या घरी मिस्त्रींना दोन घास गोड लागायचे आणि तिसरा घशात अडकायचा. विटेवर वीट रचून स्वतः उभं केलेलं घर सोडून जायचं तरी कुठे? आणि बायको नसली की ते घर तरी कसलं, नुसत्या भिंती. एकट्यापुरता चहा करणं त्यांना अजून जमत नव्हतं. रोज अर्धा चहा पातेल्यात उरायचा आणि दुपारी मोरीत जायचा.

शेवटी तडजोड झाली. रविवारी लेक आईला घेऊन येणार, आई इथे आंघोळ करून बघणार. पाणी तिच्या मनासारखं आलं तर राहील, नाहीतर आल्या पावली परत.

मिस्त्रींनी समोरच्या गल्लीतल्या वायरमनला बोलावलं. हा त्यांचा जुना जोडीदार; यांनी भिंती बांधायच्या आणि त्याने त्या फोडून वायरी घालायच्या, यावरून दोघांची आयुष्यभर भांडणं. वायरमनने गीझरकडे बघून तोंड वाकडं केलं. म्हणाला, याचं वय झालं, नवा घ्या. 

"वय झालं म्हणून टाकायचं असेल," मिस्त्री म्हणाले, "तर आधी आपल्या दोघांचा नंबर लागतो."

मग काही वाद उरला नाही. वायरमनने मेन स्विच पाडला, मिस्त्रींनी टाकीतलं पाणी सोडून दिलं, आणि दोघांनी कण्हत-कुथत टाकी खाली उतरवली. झाकण उघडून कॉइल बाहेर काढली, तर ती कॉइल आहे हेच ओळखू येईना. क्षारांचा एवढा जाड थर, जणू कोणी तिला सिमेंटचा गिलावा केलाय. मिस्त्रींनी बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, काम चोख झालंय, फक्त जागा चुकली.

टाकीच्या आत एक कांडी असते. टाकीला लागायचा गंज ती आपल्या अंगावर घेते आणि झिजत जाते. इथे कांडी पार संपून आतली तार तेवढी उरली होती. वायरमनने ती तार उजेडात धरली.

"मिस्त्री, ही म्हणजे तुमची बायको. सगळं हिने सोसलं म्हणून तुमची टाकी अजून शाबूत."

 मिस्त्री उठले आणि नवी कांडी आणायला स्वतः दुकानात गेले.

कॉइल लिंबाच्या सत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवली, घासली, तेव्हा तिचा तांबूस रंग दिसू लागला. टाकीच्या तळातला चुरा ओंजळी-ओंजळीने काढला. नवी कांडी, नवा वॉशर, सगळं जिथल्या तिथे. टाकी पुन्हा भिंतीवर चढली आणि मग मिस्त्रींचं लक्ष नळ्यांकडे गेलं.

भिंतीतून दोन पाइपांची तोंडं बाहेर आली होती आणि टाकीच्या खालीही दोन तोंडं होती. त्यांना जोडणाऱ्या नळ्या मात्र सरळ जायच्या सोडून एकमेकींना छेद देत फुलीसारख्या गेल्या होत्या, हे त्यांनी सोडवतानाच पाहिलं होतं. मिस्त्रींचा जन्म ओळंब्याच्या दोरीखाली गेलेला. वाकडं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे.

"कुठल्या गाढवाने जोडल्या होत्या या?"

असेल कोणी नवशिका, असं म्हणून वायरमनने सुस्कारा सोडला. मिस्त्रींनी दोन्ही नळ्या सरळ जोडल्या, लांब उभं राहून एक डोळा मिटून पाहिलं, आणि त्यांचं समाधान झालं. पाणी तापल्यावर नळाखाली तांब्या धरला. चटका बसला. मिस्त्री त्या दिवशी शीळ घालत झोपले.

रविवारी लेकीची गाडी दारात लागली. बायको काठी टेकत आत आली, तिने घरावरून नजर फिरवली आणि खिडकीच्या काचेवरून बोट फिरवलं. लेकीने आईची बॅग गाडीतून काढलीच नव्हती. मिस्त्रींनी ते पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं.

न्हाणीघरात स्टूल ठेवून लेकीने आईला बसवलं. मिस्त्री बाहेर टॉवेल हातात घेऊन उभे राहिले, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखे. बादलीत पाणी पडू लागलं. थोड्या वेळाने लेक बाहेर आली.

"बाबा, आधी आलं गरम. पण अर्धी बादली भरायच्या आत कोमट झालं."

ती टोमणा मारत नव्हती, आणि तेच त्यांना जास्त लागलं. ती हळूच म्हणाली की आईला परत नेते, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मिस्त्रींनी टॉवेलची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

तेवढ्यात आतून हसू ऐकू आलं. साधंसुधं नाही, पोट धरून हसण्यातलं.

"अहो, आत या. या नळ्या सरळ कोणी केल्या?"

"मी," मिस्त्री दारातून म्हणाले. "कुठल्या तरी गाढवाने फुलीत जोडल्या होत्या."

"त्या गाढवाशीच मी संसार केलाय."

मिस्त्रींच्या डोक्यात उजेड पडला. बायको डावखुरी. लेक शाळेत जायला लागली त्या वर्षी हा गीझर बसवला, तेव्हा गरम पाण्याचा नळ डावीकडे होता. हिचा हात न बघता डाव्या नळावर जायचा, आणि एकदा चांगलाच पोळला.  दुसऱ्या दिवशी कामावर दांडी मारून मिस्त्रींनी भिंत फोडली, आतले पाइप उलटे घातले, गार पाणी डावीकडे आणलं आणि फरशा पुन्हा बसवल्या. भिंतीतली तोंडं उलटी झाली म्हणून टाकीकडे जाणाऱ्या नळ्या फुलीत घ्याव्या लागल्या. त्यानंतर लोकांची इतकी न्हाणीघरं बांधली की स्वतःचं विसरून गेले.

आणि आता सरळपणाच्या हौसेपायी गार पाणी गरम पाण्याच्या वाटेने, आत टाकीच्या माथ्यापर्यंत जाणाऱ्या नळीतून, वरून शिरत होतं आणि तापलेल्या पाण्याला गार करून खालून निघून जात होतं. हात दाखवून अवलक्षण.

वायरमनला हाक गेली. तो चहाची कपबशी घेऊनच आला, सगळं ऐकलं आणि बशीतला घोट संपवून म्हणाला, "चला, गाढव सापडलं एकदाचं." मग त्याने वीज बंद केली, मिस्त्रींनी स्टुलावर चढून नळ्या पुन्हा फुलीत आवळल्या, आणि लेकीने खालून पाना वर दिला. आपल्याला या भिंतीची गोष्ट कुणी कधी सांगितलीच नाही, अशी तिची तक्रार. आई म्हणाली, सांगायचं काय त्यात, रोज वापरत तर होते मी.

टाकी तापेपर्यंत सगळ्यांचा चहा झाला. पातेल्यात थेंब उरला नाही.

मग न्हाणीघराचं दार लागलं आणि वरच्या फटीतून वाफ येऊ लागली. बादली भरली, दुसरी भरली, वाफ काही कमी होईना. आत बाई गुणगुणायला लागली. मध्येच नळ बदलल्याचा आवाज आला; पाणी फार कढत झालं असणार, हात आपोआप डावीकडे गेला असणार.

"बाई गं," तिने आतून लेकीला हाक मारली, "माझी बॅग आत आण. आणि तुझ्या बाबांना म्हणावं, आता त्या ओळंब्याला जरा खुंटीवर राहू दे."

लेक दाराकडे वळली, तर मिस्त्री तिच्या आधीच गाडीपाशी पोचले होते.