गुडघ्यावरचा हात

आमच्या घरात एकच कायदा असा आहे की ज्यावर अपील चालत नाही. बसल्या जागी पाय हलवायचे नाहीत. उशिरा उठलं तर चालतं, उलट बोललं तरी आई एखाद वेळी कानाआड करते, पण खुर्चीवर बसून पाय हलवला की संपलं. ती ओरडत नाही. नुसता तळहात आणून गुडघ्यावर ठेवते, पातेल्यावर झाकण ठेवावं तसा, आणि स्वतःचं जे काय चाललंय ते चालू ठेवते. माझे आणि दादाचे, दोघांचेही पाय जन्मजात वळवळे. त्यामुळे जेवताना आई मध्ये, आम्ही दोन बाजूंना, आणि तिचे दोन्ही हात कामात. मग ती स्वतः जेवायची कधी, हा प्रश्न मला सोळाव्या वर्षी पडला. माझी प्रगती ही अशी.

दादा बावीसचा. मोबाइल दुरुस्त करतो. दुकान एवढंसं की दोन गिऱ्हाइकं आली तर तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तो तिळाहून बारीक तुकडे बोर्डावर डकवत बसतो, दिवसाचे दहा तास. अंगाने असा की शर्ट खुंटीवर टांगलाय की दादाच्या अंगात आहे, लांबून कळत नाही. म्हणून दोन महिन्यांपूर्वी तो पोट धरून दुकानातच आडवा झाला आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्तात चरबी फार आहे," तेव्हा मी आधी हसले. ह्याच्या अंगावर चरबी? शोधून द्या, बक्षीस देते.

मग मला लॅबमधल्या ताईंनी नळी दाखवली. रक्त फिरवून ठेवलं की खाली लाल बसतं आणि वर पिवळसर पाणी येतं म्हणे. दादाच्या नळीत वर दूध होतं. खरंच दूध. वर सायही धरेल असं वाटत होतं.

दीडशेच्या आत हवा तो आकडा त्याचा सोळाशे चाळीस होता. त्यामुळे स्वादुपिंड सुजलं, नऊ दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टरीणबाईंनी सरळच सांगितलं, "औषध रोज, तेल-तूप बंद, दीड महिन्याने पुन्हा रक्त. पाचशेच्या खाली आलंच पाहिजे. हे दुखणं दुसऱ्यांदा आलं तर काय होईल ते मी सांगू शकत नाही." आणि मग विचारलं, "घरात आणखी कोणाला?"

"ह्यांचे वडील पोटदुखीनेच गेले," आई म्हणाली. "छत्तीस पूर्ण नव्हते. सगळे म्हणाले, बाहेरचं खाणं भोवलं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "बहिणीचंही तपासून घ्या एकदा," म्हणाल्या. ते आम्ही तिघांनीही अगदी एकमताने विसरून टाकलं.

आता माझ्याबद्दल. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गातल्या सगळ्यात उंच मुलीच्या मागे बसायचे, बाईंना दिसू नये म्हणून. मग एकदा वक्तृत्वाच्या आदल्या दिवशी तीच उंच मुलगी तापाने पडली आणि मला ढकललं गेलं. सहाशे पोरांसमोर मी सात मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या. तेव्हापासून माझा असा समज झालाय की नीट बोललं की जगातलं काहीही होतं. दादाच्या मते माझा नळ तेव्हापासून उघडाच राहिलाय, वायसर गेलंय.

तर मी वाचायला घेतलं, आणि तिसऱ्याच दिवशी सापडलं. पोटरीत आत, हाडाला लागून एक चपटा स्नायू असतो. खुर्चीवर बसून चवडे जमिनीवर टेकवायचे, टाचा उचलायच्या, सोडायच्या, परत उचलायच्या. असं तासन्तास केलं की तो स्नायू रक्तातली साखर आणि चरबी ओढून जाळत राहतो. दमतच नाही. तरुण लोकांवर करून बघितलं होतं, जेवणानंतरची रक्तातली चरबी कमी चढली होती. शेवटी एक वाक्य होतं की प्रयोग फार थोड्या माणसांवर झालाय आणि आजारी माणसांबद्दल आत्ताच काही सांगता येणार नाही. ते वाक्य मी वाचलं आणि पान उलटलं.

त्या संध्याकाळी जेवताना मी उभं राहून भाषण दिलं. "तात्पर्य," मी म्हणाले, "बसल्या जागी पाय हलवणं हे औषध आहे. आई, तुझा कायदा रद्द."

दादा तोंडातल्या घासासकट हसला. "वाजव टाळ्या, आई. नाहीतर ही खाली बसायची नाही."

आईने दादाच्या गुडघ्यावरचा हात काढला आणि दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर ठेवले. ताटात जेवण तसंच होतं, ते घेऊन ती उठली. मला वाटलं, जिंकले.

मोजायचं कसं, हे दादानेच सोडवलं. कॅल्क्युलेटरवर एकात एक मिळवून बरोबरचं बटण दाबत राहिलं की आकडा एकेकाने वाढतो. त्याने एका जुन्या कॅल्क्युलेटरच्या त्या बटणाला दोन तारा डकवल्या, त्या टेबलाखाली नेल्या आणि टाच पडेल तिथे पत्र्याची चकती बसवली. टाच पडली की एक. पहिल्या दिवशी अकराशे. मी वहीत लिहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"दुकान आहे, व्यायामशाळा नाही," दादा म्हणाला. "टाच उचलली की टेबल हलतं, टेबल हललं की वितळलेलं सोल्डर सांडतं. तुझ्या विज्ञानाने आज एक फोन कायमचा झोपवलाय. त्याच्या मालकिणीला तूच दे भाषण."

मग आम्ही टेबल भिंतीला खिळ्यांनी ठोकलं. आकडा चार हजारांवर गेला, मग सातवर, मग नऊवर. तो दुकानातून आला की पोटऱ्या दगड झालेल्या असायच्या. उकडलेलं बेचव खायचा, गोळ्या घ्यायचा, आणि टीव्हीसमोर बसूनही टाचा चालूच. आई मध्येच बसायची, पण हात मांडीत.

पाचव्या आठवड्यात मी आकड्यांचा आलेख काढत होते आणि आई वाळलेले कपडे घड्या घालत होती. तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते किती वेळ करावं लागतं गं?"

"जितका वेळ बसाल तितका."

"आणि एखाद्याला मुळात सवयच असली तर? आपोआप पाय हलायची?"

"मग काय, सोन्याहून पिवळं," मी आलेखातून मान वर न काढता म्हणाले.

रेघ संपवून मी मान वर केली. ती एकच टॉवेल घडी घालत होती, उलगडत होती, परत घालत होती.

"तुझ्या बाबांचा हलायचा," ती म्हणाली. "कचेरीतले नकाशे घरी आणून काढायचे. टेबल थरथरायचं, माझा चहा बशीत यायचा. मी हात ठेवायचे. मग थांबायचा. अकरा वर्षं ठेवला मी हात."

तुम्हाला वाटेल मी इथे काहीतरी बोलले असेन. बोलले. "आई, ते वेगळं. नुसतं वळवळणं आणि हे वेगळं. आणि तो प्रयोग फार थोड्या माणसांवर झालाय. नक्की असं काहीच नाही."

"तू तर म्हणालीस औषध आहे."

ती हे भांडून म्हणाली असती तर मी भांडले असते. तिने टॉवेल ठेवला आणि दुसरा घेतला. उलटलेलं ते पान मला आता अक्षरन् अक्षर आठवत होतं, पण ते तिला वाचून दाखवायची वेळ त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशीच निघून गेली होती.

रक्त द्यायच्या दिवशी आम्ही तिघंही गेलो. विज्ञानाचे सर म्हणाले होते की तुलनेला दुसरा माणूस नसेल तर त्याला प्रयोग म्हणत नाहीत. म्हणून मी माझंही रक्त दिलं. "एक बिघडलेला आणि एक चालू," मी लॅबवाल्या ताईंना म्हणाले. दादाने माझ्या डोक्यात टपली मारली. आई बाहेरच्या बाकावर पिशवी धरून बसली होती.

दोन तासांनी ताईंनी मला एकटीला आत बोलावलं. स्टँडमध्ये दोन नळ्या शेजारी शेजारी होत्या. दोन्हींच्या वर दूध. एकात घट्ट, एकात जरा पातळ.

"काल रात्रीपासून काही खाल्लं नव्हतंस ना? नक्की बारा तास?"

"चौदा," मी म्हणाले. "ताई, चिठ्ठ्या बदलल्या असतील. दादाच्याच दोन घेतल्या असतील."

"दोनदा लावलं गं. आठशे सत्तर." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "पातळ आहे ती तुझी. आईला बोलाव."

मी दादाला बोलावलं. तो आत आला, स्टँडजवळ वाकला आणि दुकानात बोर्ड बघतो तसं एक डोळा बारीक करून त्याने दोन्ही नळ्या बघितल्या. स्वतःचा आकडा त्याने विचारलाही नाही, ताईंनीच सांगितला. अकराशे नव्वद. साडेचारशे उतरला होता. गोळ्यांनी, की उकडलेल्या जेवणाने, की दोन-अडीच लाख टाचांनी, ते सांगायला तुलनेचा माणूस आता उरला नव्हता. आणि पाचशे अजून कुठल्या कुठे होते.

"हे पाण्यात पडून बिघडलेलं नाही," तो हळू म्हणाला. "माल कारखान्यातूनच असा आलाय." आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. हे त्याने आधी कधी केलेलं नाही. मला टपली चालली असती.

बाहेर आईच्या एका बाजूला तो बसला, एका बाजूला मी.

"उतरलं माझं," दादा म्हणाला. "बरंच उतरलं. अजून उतरवायचंय."

आईने डोळे मिटले, उघडले. "आणि हिचं?"

मी तोंड उघडलं. सहाशे पोरं, सात मिनिटं, सगळं त्याच तोंडाने झालं होतं. आत्ता त्यातून हवासुद्धा येईना. दादा म्हणाला, "तिचं काय, ती तर तुलनेला होती," आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघत बसला.

माझे पाय कधी सुरू झाले मला कळलं नाही. टाचा वर, खाली. वर, खाली. बाक करकरायला लागलं. आईचा हात सवयीने उचलला गेला, माझ्या गुडघ्याकडे आला, आणि वीतभर वरच थांबला. ती पायाकडे बघत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती. मला एवढंच वाटत होतं की आता हा हात खाली यावा, झाकणासारखा घट्ट बसावा आणि तिने नेहमीसारखं आपलं काम, पिशवीत किल्ली शोधणं, चालू ठेवावं.

तिने हात मागे घेतला आणि दुसऱ्या हाताखाली दाबून ठेवला.

"हलव," ती म्हणाली. "हलव तू."

आणि नेमके तेव्हाच माझे पाय थांबले.