नवाकोरा म्हातारा

"पोरीला ह्या काम्पुटरला हात लावू देनार का नाय, तेवढंच सांगा!"

आल्बिनाचा आवाज शेवग्याच्या कुंपणावरून थेट माझ्या चुलीपर्यंत आला. मी सुकट भाजत होते, ती तशीच खाली उतरवली. पापडी गावात आमची दोन घरं एकाच वाडीच्या दोन कडांना. मे महिना होता, वाडीतली माती पायाला चटके देत होती, वाडीच्या तळ्यातलं, बावखलातलं, पाणी तळाला गेलं होतं. अशा उकाड्यात दारं-खिडक्या सगळ्यांच्याच उघड्या असतात. भांडण ऐकायला मुद्दाम कुठे जावं लागत नाही.

"सोमवारी तिची परीक्षा हाये. गोखिवऱ्याच्या कारखान्यात टायपिंग करून दाखवायचंय. आनि तुमी ह्याला देवाच्या आल्तारावर बसवलाय!"

"आल्तारावर नाय, टेबलावर हाये," तिचा नवरा फर्डिनंड म्हणाला. "आनि तो चालवायचा नाय. कमी चालला तर नवा ऱ्हातो. नवा ऱ्हायला तर इकताना किंमत येते. ऑगस्टीननं सांगितलंय."

हा ऑगस्टीन म्हणजे आमच्या गावचा शहाणा. कुवेतला एका गोदामावर पहारा करून आला, आणि आल्यापासून मिसा सुटली की चर्चच्या पायऱ्यांवर बसून मतं वाटतो. टीव्ही कुठला घ्यावा, कोणाच्या मुलाने काय शिकावं, कशात पैसा वसूल होतो आणि कशात बुडतो, सगळं त्याला ठाऊक. उंटांच्या मुलखातून आलेला माणूस, तेव्हा उंटावरचा शहाणा म्हटलं तर त्याने रागवू नये. त्याच्या सांगण्यावरून मी मिक्सर घेतला होता. त्याच्या भांड्यात आज मी मीठ भरून ठेवते.

तीन वर्षांपूर्वी त्यानेच फर्डिनंडला सांगितलं, "वाडीत काय ठेवलंय? पोरीला काम्पुटर घे. करियर होईल." त्या साली केळी बरी गेली होती. फर्डिनंडने कॉम्प्युटर आणला. घरात नवी वस्तू आली की फादरला बोलवायचं, ही आमची रीत. फादर आले, प्रार्थना झाली, आणि ते पवित्र पाणी शिंपडणार एवढ्यात फर्डिनंडने कॉम्प्युटरवर छत्री धरली. आशीर्वाद सगळा छत्रीला मिळाला.

तेव्हापासून ते यंत्र आल्बिनाने विणलेल्या जाळीच्या कव्हराखाली झाकलेलं. नाताळात पाहुणे आले की कव्हर उचलायचं, थोडा वेळ चालू करून दाखवायचं, पुन्हा झाकायचं. वाडीतून आला की फर्डिनंड आधी त्याच्या पाठीवर पालथा हात लावून बघणार, पंपाची मोटर बघतात तसा. गरम लागलं तर पोरीची, रोझमेरीची, खैर नाही. बिचारीने क्लास केला होता, पण तिथे एका मशीनवर चार पोरी. शिकलेलं सगळं बोटांतून गळून गेलं होतं.

"मंग मी शिकू कशी, पप्पा?" रोझमेरी म्हणाली.

"बंद ठेव आनि बटनं बडव. पायजे तेवढी बडव, त्याला काय झिजतं?" फर्डिनंड म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "पन हळू बडव."

आणि खरंच पोर बंद कॉम्प्युटरपुढे बसली. टक टक टक. समोर काळी काच. मला आधी हसू आलं, मग चीड आली. आल्बिना पाठ फिरवून टोपल्यांकडे गेली. ती स्वतः मॅट्रिक झालेली, तिला शाळेत शिकवायचं होतं. पण लग्न झालं आणि सासरा म्हणाला, टोपल्यांत केळी भरायला घरात माणूस नाही. तेव्हापासून ती केळीच भरते आहे.

दुसऱ्या दिवशी रविवार. मिसा सुटली आणि पायऱ्यांवर रोझमेरीच्या नोकरीचा निवाडा सुरू झाला.

"नर्सिंग करायला पायजे हुतं," गावातला फ्रेडरिक म्हणाला. "मशीन बदलतात, मान्साचं ढुंगन तेच ऱ्हातं. सुई कायम चालते."

"नोकरीपेक्षा लग्न बघा," दुसरा कोणी म्हणाला.

ऑगस्टीनने हात वर केला. सगळे त्याच्याकडे वळले. "कारखान्यात काम्पुटर असतोच. घरातला आता कशाला? नवाकोरा हाये तवर काढून टाक. माझा भाचा युजीन, तुळिंजला दुकान हाये त्याचं. आजच घेऊन येतो."

फर्डिनंडचा चेहरा असा खुलला, जशी आताच सोनकेळी पिकली.

दुपारी ऑगस्टीन युजीनला घेऊन आला. फर्डिनंडने कव्हर काढलं. बैलाचं तोंड उघडून दात दाखवावेत तसा तो एकेक बाजू दाखवू लागला. "बघ, एक ओरखडा नाय. बटनं बघ, सगळी कोरी."

युजीन टेकलासुद्धा नाही. "अंकल, हे मॉडेल आता कोण घेणार? एकदम म्हातारं झालंय. भंगारवाल्याला द्या, नाहीतर ठेवा शोला."

"आरं, पन चालवलाच नाय!" फर्डिनंड ओरडला. "चालवलाच नाय तर म्हातारा झाला कसा?"

युजीनने मामाकडे बघितलं. ऑगस्टीनला एकाएकी चहा फार गरम लागला, तो बशीत फुंकत बसला.

उत्तर स्वयंपाकघराच्या दारातून आलं. "तसंच व्हतं," आल्बिना म्हणाली. "मला पन तुमी कुठं चालू दिलं? मॅट्रिक होऊन आले, कव्हर घालून ठेवलंत. बघा, किती नवी ऱ्हायलेय ती."

मी तोवर कुंपण सोडून त्यांच्या ओटीवर पोचले होते, खोटं कशाला बोलू.

"भर पावसात वाडीत गुडघाभर पानी असतं," ती पुढे म्हणाली. "शिंपायला काय नसतं. तरी दर आयतवारी डोक्यावर गोनपाट घेऊन तुमी पंप चालू करता. कशाला?"

"जाम व्हतो म्हनून," फर्डिनंड म्हणाला. म्हणाला आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

मग त्याने स्वतःच्या हाताने बटण दाबलं. यंत्र घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं आणि काच उजळली. रोझमेरी धावत येऊन बसली. दिवेलागणीपर्यंत तिची बोटं चालली होती. फर्डिनंडने घरातला एकुलता एक पंखा कॉम्प्युटरकडे वळवला आणि आपण घाम पुसत उभा राहिला. मधेच सवयीने त्याने पाठीवर हात लावला. चांगलीच तापली होती.

"तापू दे," तो म्हणाला.

रोझमेरीला नोकरी लागली. पुढच्या रविवारी पायऱ्यांवर ऑगस्टीन सांगत होता, "मीच बोललो हुतो, करियर व्हईल." शेजारी फर्डिनंड बसलेला. "मशीन चालती ठेवायची, म्हंजे पैसा वसूल. पंप बघा..." माणसं माना डोलवत होती. आतापर्यंत गावाला एक शहाणा पोसावा लागत होता, आता दोन झाले.

जाळीचं कव्हर आल्बिनाने मला दिलं. ते माझ्या मिक्सरवर आहे.

परवा मी सहज गेले, तर आल्बिना कॉम्प्युटरपुढे बसलेली. एका बोटाने शोधून शोधून अक्षरं दाबत होती. तेवढ्यात फर्डिनंड वाडीतून आला.

"काय लिवतेस?"

"माजं मत," आल्बिना म्हणाली. मान वर केली नाही. "वाडीत टोपल्या भरायच्या ऱ्हायल्यात. तेवढ्या आज तुमी भरा."

आणि फर्डिनंड मुकाट्याने टोपल्या भरायला गेला.