आवाज एकाचाच

“बोटभर डावीकडे,” चाचा म्हणाले, आणि तिघांनी नऊ फुटांची काच बोटभर डावीकडे घेतली. पुढच्या टोकाला मिस्त्रींचा जावई, मधोमध पैलवान आणि मागच्या टोकाला स्वतः मिस्त्री, नुकतेच पायऱ्या चढून व्हरांड्यात आलेले. काचेला दोन्ही अंगांनी कागद चिकटवलेला होता. त्यामुळे मिस्त्रींना नाकासमोर त्या कागदाखेरीज काही दिसत नव्हतं. हात कागद सोडून काचेलाच चिकटवलेल्या रबरी मुठींत अडकलेले, गाल कागदाला टेकलेला. आपले पाय कुठे पडताहेत हे बघणं त्यांचं काम नव्हतंच. ते काम चाचांचं.

मोठी काच उचलली की बोलायचं फक्त एकाने, आणि तो एक म्हणजे ज्याच्या हातात काच नाही तो. तो ‘थांबा’ म्हणाला की नाकावर माशी बसली तरी थांबायचं. ‘पुढे’ म्हणाला की पुढे खड्डा असेल ही शंकासुद्धा काढायची नाही. दोन आवाज झाले की काच गेलीच समजा, आणि काच एकटी जात नाही, कोणाचं तरी मनगट घेऊन जाते. मिस्त्री पस्तीस वर्षं काचा बसवत होते. गेली बारा वर्षं आवाज चाचांचा होता. या बारा वर्षांत एक काच फुटली नव्हती आणि चाचांचा शब्द एकदाही कोणी मोडला नव्हता.

“थांबा,” चाचा म्हणाले. तिघे थांबले.

दारात घरमालक आडवे आले होते. सभ्य माणूस. सकाळी त्यांनी सगळ्यांना पाणी विचारलं होतं, एका चाचांना सोडून. पण ते तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“तुम्ही तिघे या आत,” ते म्हणाले. “हे दाढीवाले बाहेरच थांबू देत.”

मग त्यांनी मऊ आवाजात समजावून सांगितलं. त्यांच्या स्वतःच्या मनात तसं काही नव्हतं. पण घरात म्हातारी माणसं होती, हल्ली काय काय कानावर येतं, आपण आपलं सावध असलेलं बरं. ओघात त्यांनी आपल्या नव्या इमारतीची आठवणही करून दिली. तिच्या चाळीस खिडक्यांचं काम ते मिस्त्रींनाच द्यायचं म्हणत होते.

गेल्या वर्षी एका घरी नेमकं असंच झालं होतं. तेव्हा काच लहान होती. मिस्त्रींनी चाचांना गाडीत बसायला सांगितलं आणि आवाज स्वतः दिला. काम झकास झालं, आणि तीच तर लाज होती: काहीसुद्धा बिघडलं नाही. चाचा डबा न उघडता गाडीत बसून राहिले आणि दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी कामाला आले. त्यावर ते चकार शब्द बोलले नाहीत. मिस्त्रीही बोलले नाहीत, पण वर्षभर घास गिळताना त्यांना ते मधूनच आठवायचं.

आणि आता पुढच्या टोकाला जावई होता. घरी त्याला जावईबापू म्हणत पाट-पाणी व्हायचं. कामावर मात्र तो सासऱ्याच्या शिव्या खाऊन काच पुसायचा. जावई म्हणजे दशमग्रह, हे मिस्त्री त्याच्या तोंडावर म्हणत आणि तो हसत असे. सकाळपासून त्याने चाळीस खिडक्यांचंच पालुपद लावलं होतं. ते काम मिळालं की वर्षभर बघायला नको, असं त्याने पैलवानाला दहा वेळा तरी सांगितलं असेल. उंबरठ्यापासून तो एका पावलावर उभा होता.

तोंड उघडायला मिस्त्रींना जरा उशीर झाला. तेवढ्यात चाचांनीच ठरवून टाकलं.

“पुढे,” ते म्हणाले. आवाज दाराच्या बाजूला सरकला होता; ते वाटेतून दूर झाले होते. “आत गेल्यावर मिस्त्री आवाज देतील. मी गाडीपाशी आहे.”

काच हलली नाही.

मुठी धरलेल्या माणसाला पलीकडच्या टोकाचा माणूस काय करतो आहे ते हातातच कळतं. मिस्त्रींना पुढून केसाएवढीही ओढ जाणवली नाही. मधूनही नाही.

“पुढे म्हटलं ना,” चाचा म्हणाले.

“ऐकलं,” जावई म्हणाला. “पण मला ते जमायचं नाही, चाचा.”

पैलवान हा अंगाने काडीपैलवान आणि रंगाने काळाकुळकुळीत. त्यावरून त्याने आयुष्यभर टोमणे खाल्ले होते. तो काचेमागूनच बोलला, “आज दाढी बाहेर. उद्या म्हणतील, हा काळाही बाहेरच बरा. मी तरी कशाला आत जाऊ?”

मुलगी चांगल्या घरात दिली असं चार लोक म्हणायचे. आज त्यांना स्वतःला ते पटलं.

“साहेब,” ते काचेमागूनच म्हणाले, “आम्ही चौघे आहोत. चौघांना दार उघडं नसेल, तर काच परत जाईल.”

घरमालकांचा मऊपणा तिथेच संपला. भिंतीला एवढं भगदाड पाडून ठेवलंय, त्याचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं. मिस्त्रींनी फळ्या ठोकून जायची तयारी दाखवली. चाळीस खिडक्या विसरायच्या का, हेही घरमालकांनी विचारलं. विसरलो, असं जावयानेच सांगून टाकलं. तेव्हा, मी हे सगळीकडे सांगेन, अशी धमकी आली.

“जरूर सांगा,” मिस्त्री म्हणाले. “नाव, पत्ता गाडीवर लिहिलाय.”

घरमालक दारातून आत गेले. आता फक्त काचेचं वजन उरलं. दंडांत कळा येत होत्या आणि तरी मिस्त्रींना वाटलं, असेच तासभर उभे राहू शकू.

“चाचा, आवाज द्या. मागे जायचंय.”

पैलवानाच्या मागून पावलं आली आणि मिस्त्रींच्या पाठीपाशी थांबली.

“मागे,” चाचा म्हणाले. शब्द घोगरा निघाला. दुसऱ्यांदा तो असा खणखणीत आला की रस्त्यावरच्या कोणीही वळून बघितलं असतं. “सावकाश. मागे.”

काच मागे निघाली. तिघांची पावलं एकदम पडत होती. मिस्त्रींना वाटलं, बोलायचं तर आत्ताच. तोंड दिसत नाही तोवरच हे जमेल.

“चाचा,” मान न वळवता ते म्हणाले, “गेल्या वर्षी मी तुम्हाला गाडीत बसायला...”

“बोलू नका, मिस्त्री,” चाचा म्हणाले. “तुमच्या मागे पायरी आहे.”

मिस्त्री गप्प झाले आणि न बघता त्यांनी पाय मागे टाकला.